कमलेशच्या डोळ्यांसाठी

चि. उल्हास यास नोएडाहून अक्काचे आशीर्वाद.

मी ठीक आहे. लताचा गुडघा आता कसा आहे?

दर दिवाळीला लोक आमच्या वृद्धाश्रमात ब्लँकेटं वाटून जातात. यंदा मात्र आम्हीच कॉलनीत मेळा भरवला. आम्हाला आंघोळ घालणाऱ्या बाईला, कमलेशला, मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं होतं, तिच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवायला. माझा हात जरा थरथरतो, म्हणून शेजारच्या खोलीतल्या प्रमोदिनीबाईंनी थालीपिठं थापली आणि मी भाजली. दुपारीच पीठ संपलं, पण रांग संपेना. या वयात आपल्या हातून काही देता आलं, देवाचे उपकार.

काल कमलेशची पट्टी निघाली. मला न्याहाळून म्हणाली, "अम्माजी, आप इतनी दुबली कब हो गईं?"

घाबरू नकोस. आता ती रोज समोर बसून मला एक पोळी जास्त खायला लावते.

तुझी,
अक्का