नागपूरपर्यंत गार हवा

२२ एप्रिल, सोमवार
वच्छलाचा नागपूरला दुसरा डोस झाला. पोटातली गाठ विरघळायला वेळ लागेल म्हणतात. लागू दे. खरा प्रॉब्लेम गाडीचा. मोहाडीहून जाताना एसीने अर्ध्या वाटेवर मौद्यापर्यंत गार हवा दिली, नंतर नुसता पंखा. येताना चुलीसमोर बसल्यासारखं. ती वाटेत दोनदा ओकली. औषधाने नाही, गरमीने.
गाडी दोन हजार चारची, पण इंजिन अजून तरणं आहे. पुढचा डोस १३ मेला. तोवर एसी ठणठणीत करायचा, आणि स्वतः करायचा. तहसील ऑफिसात होतो तेव्हा साहेबांच्या केबिनचा कूलर मीच सुधरवायचो. एसी म्हणजे शेवटी झाकण लावलेला कूलरच.

२३ एप्रिल
शेजारचा प्रफुल्ल आला. म्हणाला, "काकाजी, काकूले मी नेऊन देत जाईन ना. माही नवी गाडी उभीच राहते." नको म्हटलं. घरची गाडी असताना बायकोला दुसऱ्याच्या गाडीत बसवायचं?
पुण्याहून रीनाचा फोन. तिचंही तेच, की बाबा, भाड्याची करा. स्वतःच्या मुलीला बापाचा हात माहीत नाही.

२५ एप्रिल
मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. निदान झालं. फिल्टर! ग्लव्ह बॉक्सच्या मागून काढला. कडुनिंबाचा पाला आणि उंदराचा संसार. धुतला, वाळवला, बसवला. उलटा बसला की काय, थोडी शंका आहे. हवा आता जोरात येते. गरमच, पण जोरात. प्रगती आहे.

२७ एप्रिल
दुसरं निदान. पुढची जाळी कचऱ्याने बुजली होती. पाण्याच्या मोटरचा पाइप लावून फवारा मारला. कचरा निघाला, पण जाळीची पातीही वाकली. ती सरळ करायला बारीक दातांचं काहीतरी पाहिजे होतं. वच्छला दारात खुर्ची टाकून बघत होती. आत जाऊन तिने तिची फणी आणून दिली. म्हणाली, "घ्या. मले आता कायले लागते?"
म्हटलं, केस येतात परत. सगळ्यांचे येतात.
फणीचे अर्धे दात तुटले. पाती बऱ्यापैकी सरळ.

३० एप्रिल
भंडाऱ्याला धनीराम मेकॅनिककडे गॅस भरला. तो म्हणाला, "गॅस गेला म्हंजे कुठंतरी लिकेज आहे साहेब. दोन दिवस गाडी ठेवा, आधी ते पाहू." म्हटलं, तू भर रे. लिकेजचं माझं मी बघतो.
एसी चालू! थेट फ्रीज! वच्छलाला तहसीलपर्यंत चक्कर मारून आणली. तिने डोळे मिटले. "बरं वाटते जी," म्हणाली. खूप दिवसांनी असं काही बोलली.
काम फत्ते. उद्यापासून सकाळी फिरायला जाणे.

८ मे
फिरायला गेलो नाही. गॅस गेला. धनीरामने पातळ भरला असणार.

९ मे
सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. लिकेज असेल तिथे बुडबुडा येतो. एकही आला नाही. प्रफुल्ल कुंपणावरून म्हणाला, "काकाजी, गॅसच नाही तं बुडबुडा कुठून येईल?" वाद घालत बसलो नाही. बाहेर लिकेज नाही याचा अर्थ आत आहे, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलला. डॅशबोर्ड उघडावा लागेल. व्हिडिओत तर अर्ध्या तासात उघडतात.

११ मे
डॅशबोर्ड उघडला. आत इतक्या वायरी असतील असं वाटलं नव्हतं. वच्छलाने आज जेवण केलं नाही. भूक नाही म्हणाली. आंबील ठेवली होती, तीही तशीच. उन्हात माणसाची भूक मरतेच.

१२ मे
कॉइलपर्यंत हात पोचत नाही. डॅशबोर्ड परत बसवला. मूठभर स्क्रू उरले. कंपनीवाले जादाच लावतात. डावीकडचा इंडिकेटर दिला की वायपर फिरतो. उद्या डावीकडे कमी वळणे.

१३ मे, सोमवार
पहाटे निघायचं होतं. गाडी सुरूच होईना. वायर सापडेपर्यंत ऊन वर आलं. वच्छला ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसली, मौद्यापर्यंत तो कोरडा ठक्क. पुढे तिची मान एका बाजूला पडली. हाक मारली तर उत्तर नाही. रसवंतीच्या मांडवात निजवलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले आणि विचारलं काय, तर "तुमी काही खाल्लं का जी?"
दवाखान्यात म्हणाले, रक्त कमी आहे, आज डोस नाही. सलाइन लावलं. नवीन रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नेमकं तेव्हाच आठवलं की गाडीवर ऊन आलं असेल. सावलीत लावून आलो. परत येतो तर वच्छला एकटीच बाकावर बसलेली, फाइल मांडीवर.
डॉक्टर काय म्हणाले ते विचारणारच होतो. पण ती थकली होती. घरी विचारू. पुढची तारीख माझ्या हिशोबाने ३ जून.

१४ मे
विचारलं नाही. कॉइलच बदलावी लागेल.

१८ मे, बुद्ध पौर्णिमा
वच्छला विहारात गेली. प्रफुल्लच्या गाडीत, माझा नाइलाज होता. वंदना झाली, खीर वाटली. तिने एक चमचा घेतला. वस्तीतल्या बायका तिला भेटून पदराने डोळे पुसत होत्या. या उन्हात डोळे जळजळतातच.
रीना लांब रजा टाकून येते म्हणे. उन्हाळ्यात पुणं सोडून मोहाडीला? आंब्यासाठी असेल.

२० मे
गाडी धनीरामकडे दिली. याला हार म्हणत नाहीत. उघडण्याचं मुख्य काम मी केलंच होतं. जुन्या मॉडेलची कॉइल नागपुरात शोधावी लागेल म्हणाला. त्याला निक्षून सांगितलं, तीन जूनच्या आत.

२६ मे
रीना आली. चप्पल काढल्या काढल्या फाइल वाचली. मग बराच वेळ आईच्या पायाशी बसून होती. मला म्हणाली, "बाबा, जरा बसा. बोलायचं आहे." म्हटलं, धनीरामचा फोन यायचा आहे. तर केवढ्यांदा ओरडली, "गाडी सोडा ना बाबा!" आतून वच्छला म्हणाली, "राहू दे रीना. त्याइले करू दे."
पुण्यात राहून पोरगी तापट झाली.

३१ मे
कॉइल बसली! हात धरला तर बोटं बधिर. बाहेर सत्तेचाळीस. इंडिकेटर दिला तर इंडिकेटरच लागतो. घरी येऊन सांगितलं, सोमवारी डोसला राणीसारखी नेतो. वच्छला हसली. रीना उठून मागच्या आवारात गेली.

३ जून, सोमवार
पहाटे निघालो. वच्छला पुढे, रीना मागे. एसी एक नंबर. वरठी गाव मागे पडल्यावर वच्छलाने माझ्या हातावर हात ठेवला.
"नागपूरले नका नेऊ जी. सिहोऱ्याले न्या, भावाकडं. मी दोन दिवस राहतो म्हणतो."
म्हटलं, आणि डोस?
"डॉक्टरनं सांगतलं मले. आता औषधाचं काम नाही. तुमी गाडी सावलीत लावाले गेले होते, तवा."
गाडी कडेला घेतली. आरशात रीना तोंडावर ओढणी धरून बसलेली. मग विचारलं, गार होतंय ना?
"होते ना. बहुत गार होते," वच्छला म्हणाली. "मले थंडी वाजून राहिली. बंद करा."
बंद केला. काचा खाली केल्या. गाडी वळवली.