उजवा पिकअप, डावी मोटार

पेडणे,
मंगळवार

एक असोला नारळ, केळ्यांची फणी, पाच विडे, समईपुरते तेल आणि गुरवाला शिधा. देवाला एक प्रश्न विचारायला एवढे लागते असे लोक समजतात. मला खरे काय लागले ते लिहितो. वरचे सगळे, शिवाय माझी झोप, माझी भूक, आणि रस्त्यात हॉर्न वाजला तरी जागचे न हलणारे जे एक काळीज माझ्यापाशी होते, ते. देवाने उत्तर दिले, नाही असे नाही. मी मागितले त्याच्या दुप्पट दिले. तीच तर रड आहे.

हे आधी लिहून टाकले, कारण पोटात राहत नव्हते. आता रीतसर. तीर्थस्वरूप जयरामभावजींच्या पायांवर बाबलीचे डोके. तुमचा गुडघा कसा आहे? आमच्या थोरल्या गंगाताईचा दमा थंडीत वर आला नाही ना? तुमचा ट्रक अजून अंगणातच उभा आहे, की डिचोलीत खाणी सुरू व्हायची बातमी ह्या खेपेला तरी खरी? आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे यशोदा खुशाल आहे. तुम्ही म्हणाल, पत्र कशाला, फोन नाही का? भावजी, आमच्या घरात यशोदा फोन मोठ्या आवाजावर लावते, आणि तो वाजला की शेजारची वत्सला भांडी घासायची थांबते. माझे कान तिखट आहेत हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, पण आमच्या वाड्यावर देवाने तसले कान पुष्कळांना दिलेत. तेव्हा हे पत्र. वाचून झाले की चुलीत घालावे.

तर गोष्ट अशी. माझा धंदा तुम्ही पहिल्यापासून पाहिला आहे. लोकांच्या लग्नामुंजींना भाड्याने स्वयंपाकाचे मोठे तोप द्यायला मी लागलो तेव्हा माझ्यापाशी तोप दोन, आणि ते वाहायला डोके एक. आज तोप, कायली, पराती, खुर्च्या (आमचे वडील त्यांना कदेलां म्हणत), मांडवाची कापडे असे सगळे आहे, नाही ते एक वाहन. आजवर गोपाळचा टेम्पो सांगायचो. पण मोपाला विमानतळाचे काम निघाले आणि गोपाळला सिमेंट वाहण्यात जास्त गोडी लागली. गेल्या मे महिन्यात मांद्र्याला लग्न, आचारी उभे, तांदूळ धुतलेले, आणि माझे तोप इथे ओसरीवर पालथे. मुलीचा बाप फोनवर मला जे बोलला ते मी कान तिखट असूनही ऐकले नाही असे ठरवले. शेवटी तोप रिक्षांतून पाठवले, एकेका रिक्षात एकेक, त्याला एक गडी मिठी मारून बसलेला. त्या दिवशी ठरले, आपले वाहन पाहिजे. मी म्हटले पिकअप, लहानसा, मागे हौदा असलेला. ह्यात भिण्यासारखे काही नव्हते. मधुकर नावाचा चांगला चालक मी हेरून ठेवला होता. मी शेजारी बसणार, जसा आजवर गोपाळच्या शेजारी बसत आलो.

पण यशोदा म्हणाली, मोटार.

मी विचारले, मोटारीत कायल मावेल का? ती म्हणाली, “कायलीचां माहेर खंय असा? म्हजां आरोंद्याक असा.” भावजी, लग्न झाल्यापासून ही बाई माहेरी गेली ती माझ्या भाड्याच्या फेरीत, टेम्पोच्या मागे, उपड्या तोपावर बसून. किरणपाणीच्या पुलावरून पलीकडे गेले की आरोंदा, लांब ते काय, असे मीच म्हणायचो. तिच्या भाचीच्या लग्नाला ती नवी रेशमी साडी नेसून अशीच तोपावर बसून गेली, आणि उतरली तेव्हा पाठीमागे काजळीचा हा एवढा गोल. मांडवात तिच्या भावजया एकमेकींच्या कानात बोलल्या, “भांड्यांवांगडा भांडां इलां.” त्या पार चुलाण्यापाशी, मी दारात, तरी भांड्यांबरोबर आलेले ते भांडे मी ऐकले. यशोदेने ऐकले की नाही ते मी कधी विचारले नाही. एवढेच पाहिले की जेवणे होईपर्यंत ती भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि पुढच्या लग्नाला ती डोके दुखते म्हणून गेलीच नाही. आता तिला आरोंद्याच्या काजूच्या बागेतला आपला वाटा मिळाला आहे, पैसे तिचे आहेत, आणि म्हणणे एवढेच आहे की एकदा दार उघडून मोटारीतून उतरायचे आहे. मागून नव्हे. पुढून.

तरीही मी म्हटले, मोटारीलाही मधुकर ठेवू. तर म्हणते, “परक्या माणसाची मान बघत माहेरी जाऊ? तुम्हीच चालवा. तुम्हाला तर रस्ता डोळे मिटून येतो.” हे मात्र माझ्याच तोंडाने केलेले. तुम्ही खाणीचा ट्रक धक्क्यापर्यंत नेलेले माणूस, तुमच्यासमोर बढाई मारू नये, पण हे खरेच आहे. पेडणे ते म्हापसा रस्ता मला कानांवरून येतो. कोलवाळच्या पुलावर चाके सांध्यांवरून जातात तो ठेका, धारगळला कंडक्टर पत्र्यावर मारतो ती थाप, आमच्या गावाआधीच्या लांब उतरणीवर इंजिनाचा उतरत जाणारा सूर. डोळ्यांना पट्टी बांधा आणि कुठेही विचारा, गाडी कुठे आहे ते बिनचूक सांगेन. बसमध्ये मी हे लोकांना करून दाखवले आहे. पैजेला चहा जिंकले आहेत. पेडण्यात बाबलीइतका रस्त्यातला मुरलेला गडी नाही असे चारचौघे म्हणतात, आणि ते म्हणत असताना मी कधी अडवले नाही.

परवाना माझ्याजवळ आहे. म्हापशाला शिकवणीला गेलो होतो. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायापाशीही एक ब्रेक होता, त्यामुळे मी फार धीट होतो. परीक्षा सपाट मैदानावर झाली. मैदानाला विहीर नसते, भावजी. आमच्या घराच्या वाटेला आहे. एका अंगाला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या अंगाला विहीर, समोर तुळस. मी सुंभाने माप घेतले. मोटार मधोमध आली तर विहिरीकडे एक नारळ ठेवण्याइतकी जागा राहते. मी तो नारळ ठेवून पाहिला. तो विहिरीत पडला. त्याचा तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

आणि कानांचे तर मी काय सांगू! तिखट कान हा भित्र्या माणसाचा वैरी. बसमध्ये मागच्या बाकावर कुणी “काल ऐकलंस का, त्या वळणावर...” एवढे म्हटले की माझा कान तिकडे. कुणाची मोटार शेतात, कुणाची माडावर, मोरजीला कुणाची थेट रेतीत, कासवे अंडी घालतात तिथवर. दुकानात मोटार बघायला गेलो तेव्हा यशोदेने मला आत बसवले. काचेच्या खोलीत बंद उभी असलेली गाडी. मी बसलो, पट्टा लावला, आणि उतरायच्या वेळी उतरता येईना. उजव्या पायाला पेटका आला होता. बंद गाडीचा ब्रेक मी सगळा वेळ जिवाच्या आकांताने दाबून धरला होता. दोघांनी मला बाहेर काढले. त्यांतला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, “काकांनी दुकान थांबवून धरलां.” यशोदा तेव्हा गाडीचा रंग बघत होती, किंवा तसे दाखवत होती.

म्हणून मग मी देवाकडे गेलो. माणसाला नाही म्हणता येत नसले की आपल्याकडे एक सोय आहे, देवाकडून नाही म्हणवून घ्यायचे. मागल्या आठवड्यात सोमवारी प्रसाद लावायचा, देवाचा कौल घ्यायचा ठरवला. देवाच्या उजव्या खांद्यावरचा फुलाचा कळा पडला तर पिकअप, डावा पडला तर मोटार. आणि (हे मी मुद्दाम स्पष्ट सांगितले) एकही पडला नाही तर देवाच्या मनात वाहन नाही, आपण मुकाट गोपाळच्या हातापाया पडायचे. चंदनाचे गंधसुद्धा मी भक्तीने स्वतःच्या हाताने उगाळून नेले. भिकाजी गुरवाने त्याच गंधाने देवाच्या दोन्ही खांद्यांना कळे चिकटवले आणि आवाज चढवला, “बा देवा म्हाराजा! ह्यो तुजो बाबलो, तोपां भाड्यान दिता. तेका गाडी व्हयी. हौद्याची व्हयी काय दारांची व्हयी, ता तूच सांग म्हाराजा!” सगळे ओरडले, “व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज यशोदेचा.

बराच वेळ काही पडेना. मी मनात नारळ वाढवून ठेवला. लोक जांभया देऊ लागले, भिकाजीने दोनदा माझ्याकडे पाहिले, मी दोन्ही वेळा डोळे मिटून हात जोडले. मग टप् असा आवाज झाला. इतरांना तो ऐकू आला नसेल, मला आला. उजवा. मी श्वास सोडतो न सोडतो तोच दुसरा टप्. डावा. असे कधी झालेले नव्हते. भिकाजीने खाली पडलेल्या दोन्ही कळ्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, “देवान दोनय दिल्यान. घे.”

संपले! पिकअप धंद्याच्या पैशातून, मोटार काजूच्या वाट्यातून. दोन्ही नोंदवून झाल्या, गुरुवारी ताब्यात मिळणार. पिकअप मधुकर आणील. मोटार म्हापशाहून मी आणायची, माझ्याशेजारी यशोदा, आणि रविवारी आरोंद्याला जायचे. तिच्या भावाला निरोप गेला आहे. साडी पेटीवर काढून ठेवली आहे, तीच, काजळीची. डाग तिने कधीच काढला होता, फक्त नेसली नव्हती. आता सांगा, ह्या साडीसमोर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

बाकी सर्व ठीक. गंगाताईला नमस्कार. पत्र आजच बसच्या कंडक्टरच्या हाती देतो, सोबत थोड्या काजूच्या बिया पाठवतो.

आपला धाकटा,
बाबली

ता. क. आपल्या घराण्यात नवी मोटार पहिल्याने बहिणीच्या यजमानांनी चालवायची अशी फार जुनी रीत आहे, हे तुम्ही गुरुवारी सकाळच्या बसने इथे येऊन यशोदेला सांगावे. (आपल्या घराण्यात आजवर मोटार नव्हती हे तिच्या लक्षात येण्याआधी बोलून मोकळे व्हावे.) ही रीत किती दिवस पाळायची असे तिने विचारले तर, रविवार धरून, असे म्हणावे. तोवर मी तुमच्या शेजारी बसून शिकेन. यशोदेला पुढे बसायचे आहे, तेव्हा मी मागे बसून शिकेन.

दुसरा ता. क. मी नेलेले गंध जरा जाड होते. कळे चिकटून राहावेत एवढाच हेतू. काल संध्याकाळी यशोदा देवापुढे चंदन उगाळत होती, वर न बघता म्हणाली, “दाट गंध वाळलां की तडकता. दोनय बाजूंनी पापुद्रो सुटता.” तेव्हा रीतीचे सांगताना तिच्या डोळ्यांकडे बघू नये, आणि तरीही यावे.

तिसरा ता. क. गंगाताई म्हणेल, ज्याला सगळा रस्ता येतो त्याला भीती कसली? तिलाच फक्त सांगा. बसमध्ये काय, गोपाळच्या टेम्पोत काय, म्हापशाचा स्टँड सुटला की मी पुढचा दांडा धरून डोळे मिटतो, ते आमच्या थांब्यावर उघडतो. आमच्या गावाआधीची ती उतरण मी अजून पाहिलेली नाही.