छपरातून

मु. कासू

हसुदादा,

रोह्यातल्या सत्काराचं तुझं भाषण नातीनं मला मोबाईलवर दाखवलं. एकाहत्तरच्या लढाईत नौदलाचं तुझं विमान पाडलं, तू समुद्रात तरंगत राहिलास, शत्रूनं बाहेर काढून चहा पाजला, सगळं रंगवून सांगितलंस. मग म्हणालास, "शत्रूनं जगवलं, पण कैदेतून सुटून आलो तेव्हा सख्ख्या आईनं मला दारातून घरात घेतलं नाही." लोक हळहळले. माझं डोकंच फिरलं.

तू गेलास अशी तार आली, म्हणून बाबांनी गवताचा पुतळा करून तुला अग्नी दिला. क्रिया झालेला माणूस दारानं आत आला तर मरण त्याच्या मागोमाग आत येतं, अशी आईची समजूत. म्हणून मिठागरात चिरलेल्या पायांनी ती छपरावर चढली, कौलं काढली, दोर सोडला. तुला दुसऱ्यांदा जन्म देत होती रे ती! तू उतरलास, ताटाला हात न लावता गेलास, तो गेलासच.

ते भोक तिनं बुजवू दिलं नाय. तिथं काचेचं कौल बसवलं अन् त्याच्या उजेडात बसून तुझी वाट बघत म्हातारी झाली. कळवूनही तू तिच्या मातीला आला नायस. हे का नाय सांगितलंस माईकवर?

हे पत्र मी टाकणार नाय. टाकलं तर पुढच्या सत्कारात वाचून दाखवशील.

यायचं असेल तर दारानं ये. अडवणारी त्याच दारानं गेली.

तुझी नव्हे, आईची,
चांगुणा