बाई, हे चूक आहे

बाई, आज लातुरात क्लासमध्ये दोनशे पोरांना अणू शिकवला आणि तुमची आठवण दिवसभर पाठ सोडेना. हिमायतनगरच्या शाळेत तुम्ही टेबलावर अख्खं कलिंगड कापलं होतं. "हे लाल सगळं धन प्रभार, अन् ह्या काळ्या बिया म्हंजे इलेक्ट्रॉन." ज्या साहेबानं इलेक्ट्रॉन शोधला, त्यालाच अणू असा वाटला होता. मग फोडी वाटताना म्हणालात, "आता गंमत ऐका. ह्या साहेबाचं कलिंगड त्येच्याच विद्यार्थ्यानं खोटं पाडलं. सोन्याच्या वर्खावर कण मारले. बहुतेक आरपार गेले, थोडे उलटे फिरले. म्हंजे मधी कायतरी घट्ट हाय." मी विचारलं, "त्या साहेबाला राग न्हाई आला?" तुम्ही हात पुसत नुसत्या हसलात.

पुढं मी नांदेडला एमएस्सी करत होते तेव्हा सुट्टीत तुम्हाला भेटायला आले. तुम्ही फळ्यावर केंद्रकाभोवती गोल गोल कक्षा काढताय. आणि मी, काय अंगात आलं होतं देव जाणे, दारातूनच म्हणते, "बाई, हे चूक आहे. इलेक्ट्रॉन असे ग्रहांसारखे फिरत नाहीत." पोरं खिदळतात. तुम्ही खडू ठेवता, पोरींना सरकवून पहिल्या बाकावर बसता. "हाव? सांग मग. मी बी ऐकून राहिले." अर्धा तास बोलले मी. किती ते शहाणपण! तुमच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. नंतर चहाला थांब म्हणालात, तर बस चुकेल म्हणून निघाले. बसला अजून दोन तास होते. स्टँडवर बसून राहिले, लाजेनं मेल्यासारखी. माफी पुढच्या सुट्टीत मागू म्हटलं, आणि त्याआधीच तुम्ही गेलात.

तुम्हाला लागलं होतं का हो ते? इतकी वर्षं एवढंच विचारायचंय, आणि हे पत्र टाकायला पत्ता नाही. इथं मी माइक लावून बोलते, सगळे मॅडम मॅडम करतात, घरी आलं की माझं कुलूप मीच उघडते. चुकलीस म्हणणारं कोणी उरलं नाही.

आज मी फळ्यावर त्याच गोल गोल कक्षा काढल्या, तर मागून एक पोरगी उठली. "मॅडम, कक्षा खरंच अशा नसतात ना?" बरोबर होती. मी म्हणाले, "परीक्षेत येत नाही. खाली बस." बसली बिचारी. क्लास सुटल्यावर मी जिन्यात उभी राहिले, तिला थांबवून दोन शब्द बोलावे म्हणून. गर्दीत ती दिसलीही. हाक मारायला तोंड उघडलं, आणि बाई, मला तिचं नावच माहीत नव्हतं.