उद्याच्या बैठकीत कोण बोलणार

वादी कबीर, मस्कत
जुलै २०१४

प्रिय मैना,

मी सुखरूप आहे, हे आधी वाच. आईचे गुडघे कसे आहेत? बंटी शाळेत रमला का?

फोनवर हे बोलता येईना, खोलीत सगळे ऐकतात. नंदू गावी निघालाय, त्याच्या हाती पाठवतोय.

भर दुपारी उन्हात राबवतात म्हणून आम्ही वर्कशॉपमधल्या सगळ्या कामगारांनी काम थांबवलं. तडजोडीसाठी सरकारी साहेबांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. ते आत आले तसा मी शाळेतल्या सवयीने उभा राहिलो. बाकीचे बसूनच. साहेबांना वाटलं, कामगारांच्या वतीने मीच बोलणार. कुणी नाही म्हटलं नाही. मीही नाही.

बाहेर आल्यावर अर्बाब, म्हणजे आमचा मालक, हसून म्हणाला, “तानाजी, लीडर बन गया? घर जाना है क्या?” माझा पासपोर्ट त्याच्याकडेच आहे, मनात आणलं तर कामावरून काढून परत धाडेल. तेव्हापासून झोप नाही.

उद्या पुन्हा बैठक आहे. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, असं सांगायचं ठरवून मी आज खोलीवर आलो. भांडी घासायची पाळी माझी होती. कुणी हात लावू देईना. “बैठ भाई, कल तुझे बोलना है.”

मग मला काही सांगवेना.

आईला हे वाचून दाखवू नकोस.

तुम्हा सगळ्यांची आठवण काढणारा,
तुझा तानाजी