कार्मेनचा एप्रन

हूफडॉर्प, नेदरलँड्स, शनिवार, ११ नोव्हेंबर २००६

अजून डोकं तापलेलंच आहे. आम्हा नव्याने आलेल्या बायकांना वस्तीतल्या केंद्रात कार्मेन इतकी वर्षं फुकट डच शिकवतेय. मूळची माल्टाची, माल्टीजमध्ये कथा लिहिते, पुस्तकं आहेत तिची. आज तिचा सत्कार होता. आणि दिलं काय? एप्रन! केंद्राच्या मॅनेजरबाईंनी ओळख करून दिली, "ही आमची सूपवाली कार्मेन." अहो, सूप ती वर्ग संपल्यावर करते, तेही दुसरं कोणी करत नाही म्हणून!

मी उठून म्हटलं, "ती लेखिका आहे."

"हो का? डचमध्ये लिहिते?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

नाही म्हटल्यावर विषयच संपला. कार्मेनने हसत तो एप्रन बांधलासुद्धा. मला तिचाही राग आला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणतो, "एवढं काय चिडायचं? माल्टीज वाचतंय कोण?"

"आणि मराठी?" मी ओरडलेच.

आत्ता लेक तिचा डच गृहपाठ सोडून मागे येऊन या पानात डोकावतेय. मी पटकन हात आडवा धरला. कशाला धरला? तिला यातलं एक अक्षर वाचता येत नाही.