निळ्याचं प्रमाण

प्रिय खारूताई,

पत्र तुझी आई लिहितेय, बोलतेय मी. लिहून झालं की शेजारच्या शिंपीणबाईंकडून वाचून घेणार आहे, म्हणजे सूनबाईंनी मध्येच स्वतःचा उपदेश घुसडला तर लगेच पकडली जाईल. बघ, तोंड वाकडं केलं तिनं.

तिकडच्या सूत रंगवायच्या मोठ्या कारखान्यात महिनाभर शिकायला गेलीस आणि त्यांनी तुला कायमचंच ठेवून घ्यायचं ठरवलं, हे कळलं. तू नाही म्हणणार आहेस, हेही कळलं. का, तर तुझ्यामागे आपल्या रंगाच्या भट्टीवरचा संगणकातला तक्ता कोण सांभाळणार! अगं, आम्ही काय माशा मारतो इथे?

तर ऐक. परवा निळ्या लड्यांचं काम होतं, सगळ्या एका छटेच्या हव्या होत्या. तुझा काका तुझा तक्ता नीटनेटका करायला गेला आणि पुसून बसला. मग पठ्ठ्यानं स्वतःच नवा मांडला. सगळ्यात वर निळ्याचं प्रमाण, त्याखाली मिठाचं, त्याखाली पाण्याचं. शेजारी प्रत्येक खेपेच्या सुताचं वजन. पहिल्या ओळीत सूत्र लिहिलं, वजन गुणिले निळ्याचं प्रमाण, आणि तेच खाली ओढत नेलं. पहिली खेप इतकी सुरेख निघाली की स्वारी शीळ घालायला लागली. दुसरी निघाली काळी कुळकुळीत. तिसरीला तक्त्यानं चक्क बादलीभर निळा रंग मागितला, तेव्हा कुठे शीळ थांबली.

झालं होतं असं, की सूत्र एक ओळ खाली उतरलं की वजनही एक ओळ खालचं घ्यायचं. ते बरोबरच, खेपेगणिक वजन वेगळं. पण त्याच्याबरोबर प्रमाणही घसरत होतं, निळ्यावरून मिठावर, मिठावरून पाण्यावर! तुझ्या आईनं दुपारभर डोकं खाजवून उपाय शोधला. प्रमाणाच्या घराचं, म्हणजे तक्त्यातल्या त्या चौकोनाचं, जे नाव असतं, त्यात अक्षराआधी आणि आकड्याआधी डॉलरची खूण लावायची. मग सूत्र कुठेही न्या, ते त्याच घरात बघतं. मला दाखवली ती खूण, सापाच्या अंगात काठी खुपसल्यासारखी. मी म्हटलं, सूनबाई, ही तुझ्या सासऱ्यांना लावायला हवी होती. बाजारात पाठवलं की कुठे घसरतील, नेम नसायचा. तुझी आई आणि काका, दोघं हसून हसून खाली बसली.

लड्या पुन्हा रंगवल्या, वेळेत पोचवल्या. काळ्या सुताचा तुझ्यासाठी स्वेटर विणतेय. काका सारखा तुला फोन लावायला उठायचा आणि मी त्याच्या हातावर चापट मारायची.

आता म्हणशील, लिहिता येत नाही, फोन उशाशी पडलेला, मग म्हातारीला हे पत्राचं थेर का सुचलं? अगं, फोनवर तुला ‘जा, राहा तिकडेच’ म्हणायची तालीम केली मी आरशासमोर. शब्द येतात, आवाज दगा देतो. तो ऐकला असतास तर उद्याच बॅग घेऊन दारात उभी राहिली असतीस. म्हणून हे काम तुझ्या आईच्या गळ्यात घातलं. त्यांना आजच्या आज हो म्हणून टाक. भट्टीजवळचं तुझं स्टूल मी काकाला दिलंय. यापुढे आलीस की पाहुणी म्हणून खुर्चीत बसायचं, कामाला हात लावायचा नाही.

तुझीच, धडधाकट आणि अजिबात न रडलेली,
आजी